शर्टाच्या किमतीतली माणसं

तयार शर्टाच्या कॉलरला लटकणाऱ्या चिठ्ठीवर एकच आकडा असतो, पण त्या आकड्यात निदान दोन माणसांची मजुरी दडलेली असते. एक शर्ट शिवणारीची आणि दुसरी तो विकणारीची. (दोन्हीकडे 'री' मुद्दाम लिहिलंय. का ते पुढे कळेलच.) कापूस, सूत, जहाजाचं भाडं, दुकानाचं भाडं हे सगळं असतंच, पण आज मला या दोघींबद्दलच लिहायचंय.

निमित्त झालं ते इंग्लंडमधल्या एका निकालाचं. तिथल्या 'नेक्स्ट' या कपडे विकणाऱ्या मोठ्या कंपनीविरुद्ध ऑगस्ट २०२४ मध्ये दुकानांतल्या साडेतीन हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांनी पगाराचा दावा जिंकला. बहुतेक बायका. माझी भाची लेस्टरला राहते. तिने बातमी पाठवली आणि खाली लिहिलं, "मावशी, तुझ्या ब्लॉगला खाद्य!" खाद्य खरंच, पण ते पचवायला मला दीडशे-पावणेदोनशे वर्षं मागे जावं लागलं. इतिहासाच्या मास्तरणीची खोड, जाता जात नाही. तेव्हा निकालाकडे शेवटी येते, आधी मागे जाऊ.

शिवणारीपासून सुरुवात करू. १८४३ च्या नाताळात 'पंच' या साप्ताहिकात टॉमस हूड या कवीची, शर्ट शिवून पोट भरणाऱ्या बाईवरची कविता छापून आली आणि सगळ्या इंग्लंडने डोळे पुसले. (डोळे पुसले, मजुरी वाढवली नाही.) त्यानंतर थोड्याच वर्षांत शिलाई मशीन आलं. अमेरिकेत हाऊचं पेटंट १८४६ चं, सिंगरचं १८५१ चं. मशीन विकणारे तेव्हा कोष्टकं छापत : पुरुषाचा एक शर्ट हाताने शिवायला चौदा तासांहून जास्त, मशीनवर सव्वा तास. जाहिरातीतला आकडा म्हणून थोडं वजा करा, तरी फरक प्रचंडच.

आता गणित करा. वेळ दहा-अकरा पटींनी कमी झाला म्हणजे शिवणारीचे दिवस पालटायला हवे होते. तसं झालं नाही. मजुरी नगावर होती. नग भराभर व्हायला लागले तसा नगाचा दर खाली आला. घरी काम नेणाऱ्या बऱ्याच जणींना मशीनचं भाडं किंवा हप्ता आणि दोऱ्याचा खर्चही स्वतःच करावा लागे. लंडनच्या पूर्व भागात कोंदट खोल्यांमधून हे काम चाले. शेवटी १९०९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने चार धंद्यांसाठी किमान मजुरी ठरवणारी मंडळं नेमायचा कायदा केला. त्यात कपड्यांची शिलाई होती. बाकीचे तीन म्हणजे लेस, कागदी खोकी आणि साखळ्या. कायदा मांडणारे मंत्री होते विन्स्टन चर्चिल. हो, तेच! आपल्याला ते वेगळ्या कारणांसाठी आठवतात. असो.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली की पुढचं सगळं सोपं होतं. सूत कातायला यंत्र आलं, विणायला यंत्रमाग आले, एका माणसाने अनेक माग सांभाळावेत इथवर मजल गेली. शिवणाचं तसं झालं नाही. कापड लुळं असतं, पत्र्यासारखं ताठ उभं राहत नाही. बाहीचा गोल खांद्याच्या गोलाला जुळवताना दोन्ही हातांनी ते सरकवत, किंचित ओढत, किंचित सैल सोडत न्यावं लागतं. जिने कधी ब्लाउजची बाही लावली आहे तिला हे वेगळं सांगायला नको. पायाचं मशीन जाऊन विजेची मोटर आली, कापायला, काजं करायला वेगळी यंत्रं आली, पण बाही लावताना आजही एका मशीनपुढे एक माणूस बसलेलं असतं. म्हणजे शिलाईचा खर्च यंत्राने एका मर्यादेपलीकडे उतरत नाही. मग उरतो एकच मार्ग. जिथे हात स्वस्त, तिथे मशीन न्यायचं.

आता विकणारी. पूर्वी युरोपातही कापडाच्या दुकानात भाव करूनच खरेदी होई. ठाण उलगडायचं, किंमत सांगायची, गिऱ्हाइकाने तोंड वाकडं करायचं, वगैरे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर न्यूयॉर्कच्या स्ट्यूअर्टने, पॅरिसमध्ये 'बॉं मार्शे'च्या बुसिकोने ठरलेला भाव लावण्यावर आपले मोठमोठे धंदे उभे केले. ही सुधारणा गिऱ्हाइकाच्या सोयीची म्हणून सांगितली जाते, आणि ती होतीच. पण मालकाच्या वहीत तिचा अर्थ वेगळा होता. भाव करायला मुरलेला, विश्वासातला माणूस लागतो. माल कितीला पडला, कुठवर उतरायचं, कोणाला चहा विचारायचा आणि कोणाला नाही, हे ज्याला कळतं तो महाग असतो. शिवाय तो दुसरीकडे गेला तर गिऱ्हाईक घेऊन जातो. चिठ्ठीवर भाव छापला की काल खेड्यातून आलेली अठरा वर्षांची मुलगी उभी केली तरी चालतं. दुकानातल्या मजुरीचा खर्च उतरवणारं पहिलं 'यंत्र' म्हणजे ती कागदाची चिठ्ठी, असं माझं मत आहे.

इंग्लंडमध्ये या मुलामुलींना दुकानाच्याच वर किंवा शेजारच्या इमारतीत राहावं लागे. पगाराचा मोठा भाग रोख नव्हे, तर खाट आणि जेवण या रूपात मिळे. म्हणजे रोख पगार कमी, आणि माणूस चोवीस तास हाताशी. नियमांची लांबलचक यादी आणि नियम मोडला की दंड. लेखक एच. जी. वेल्स १८८१ मध्ये साउथसीच्या कापड दुकानात उमेदवार म्हणून लागले. तेरा तासांचा दिवस आणि रात्री सगळ्यांनी मिळून एका खोलीत झोपायचं. दोन वर्षांत ते तिथून निसटले, आणि तो सगळा राग पुढे १९०५ च्या 'किप्स' कादंबरीत उतरला. मार्गारेट बाँडफील्ड या बाईंची गोष्ट मला जास्त भावते. चौदाव्या वर्षी ब्रायटनच्या दुकानात लागल्या, पुढे लंडनला आल्या. तिथे दुकान कामगारांच्या संघटनेत शिरल्या आणि 'ग्रेस डेअर' या टोपणनावाने आपल्यासारख्या मुलींचे हाल लिहू लागल्या. १९२९ मध्ये त्या ब्रिटनच्या मंत्रिमंडळातल्या पहिल्या स्त्री मंत्री झाल्या. खातं कोणतं? कामगार!

मधल्या काळातला एक कायदा फार मजेशीर आहे. १८९९ मध्ये पार्लमेंटने ठरवलं की दुकानात काम करणाऱ्या दर तीन बायकांमागे एक तरी बसायची जागा असली पाहिजे. तिघींत एक खुर्ची! संगीतखुर्चीचा खेळच. पण त्याआधी तीही नव्हती, हे लक्षात घ्या. आठवड्यात अर्धा दिवस सुट्टी मिळायला १९११ साल उजाडावं लागलं.

आता मार्क्स अँड स्पेन्सरबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण हा सगळा प्रवास त्या एकाच दुकानात दिसतो. मायकेल मार्क्स हा पूर्व युरोपातून आलेला ज्यू फेरीवाला. १८८४ मध्ये त्याने लीड्सच्या बाजारात टेबल मांडलं. त्याला इंग्रजी धड येत नव्हतं, म्हणून पाटी लावली की किंमत विचारू नका, सगळं एक पेनीला. भाषेची अडचण होती, पण तिनेच विक्रेत्याची बडबड वाचवली. माल उघडा मांडलेला, गिऱ्हाइकाने हात लावून पाहायचा, उचलायचा, पैसे द्यायचे. मुलगा सायमन याने १९२० नंतर कपड्यांवर भर दिला. १९३० च्या दशकात फ्लोरा सॉलोमन या बाईंनी सायमनला तोंडावर सुनावलं की तुझ्या दुकानातल्या मुली पगार पुरत नाही म्हणून दुपारी उपाशी राहतात. त्याने त्यांनाच कामावर घेऊन कर्मचाऱ्यांचं कल्याण बघायचं खातं सुरू केलं. स्वस्त गरम जेवण, डॉक्टर, विश्रांतीची खोली. मालक दयाळू होता की हिशेबी? मला वाटतं, दोन्ही. जेवलेली मुलगी काम चांगलं करते आणि नोकरी सोडून जात नाही, हेही त्याला कळत होतं.

याच सायमन मार्क्सने १९५६ मध्ये आणखी एक गोष्ट केली. एका शाखेत त्याने सहज चौकशी केली तेव्हा माल मागवायला, मोजायला, नोंदायला केवढी कागदपत्रं भरावी लागतात हे त्याच्या ध्यानात आलं. मग झाडून सगळ्या शाखांतून फॉर्म, कार्डं, रजिस्टरं उडवली. हजेरीची घड्याळंही काढून टाकली. लाखो कागद कमी झाले, खर्च उतरला. कोणाचं पोट न मारता मजुरीचा खर्च कमी केल्याचं असं उदाहरण क्वचित सापडतं. ज्यांनी आयुष्यभर कॅटलॉग भरून महिन्याअखेरीस आडव्या-उभ्या बेरजा जुळवल्या आहेत, त्यांना हा माणूस देवमाणूस वाटेल. मला वाटतो.

आणखी एक. मार्क्स अँड स्पेन्सरमध्ये कित्येक दशकं कपडे घालून बघायची खोलीच नव्हती. घरी न्या, घालून बघा, नाही बसलं तर परत आणा, पैसे घ्या. सगळे या उदारपणाचं कौतुक करत. पण ट्रायल रूमची जागा वाचली, आणि 'हे आखूड होतंय, दुसरं देते' असं म्हणत दारात उभी राहणारी मुलगीही वाचली. ते काम गिऱ्हाईक बाईने आपल्या घरच्या आरशापुढे, आपल्या वेळेत, फुकट केलं.

इथे एका अर्थशास्त्रज्ञाचं नाव घ्यायलाच हवं. विल्यम बॉमोल. त्यांनी आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ च्या पुस्तकात नाटक-संगीताच्या संस्थांचे हिशेब तपासून एक साधी गोष्ट दाखवली. चौघांनी वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वी चौघंच वाजवत होते, आजही चौघंच लागतात, आणि वेळही तेवढाच लागतो. कारखान्यात मात्र एक माणूस पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त माल काढतो, म्हणून तिथला पगार वाढतो. वादकालाही त्या प्रमाणात पगार द्यावा लागतो, नाहीतर तो कारखान्यात जाईल. म्हणून जिथे माणसाचा वेळ हाच माल, तिथला खर्च वर्षानुवर्षं वाढतच राहतो. शाळेचंही तेच. पस्तीस मिनिटांचा तास सतरा मिनिटांत घेता येत नाही. (घेणारे होते, त्यांची नावं सांगत नाही.) दुकानात गिऱ्हाइकाला शर्ट दाखवायला जो वेळ लागतो तो १८८० मध्येही तेवढाच आणि आजही तेवढाच. पण त्या वेळेची किंमत मात्र वाढत गेली.

मग दुकानदारांनी काय केलं? शिवणारीला लांब नेलं. विकणारीला ढाक्याला नेता येत नाही, म्हणून तिचं काम हळूहळू गिऱ्हाइकाच्या हातात दिलं.

शिवणारीचं स्थलांतर जगाच्या नकाशावर बोट फिरवून दाखवता येतं. ब्रिटन-अमेरिकेतून जपान, हाँगकाँग, मग तैवान, दक्षिण कोरिया. श्रीमंत देशांनी आपले कारखाने वाचवायला १९७४ मध्ये एक करार केला, त्यात कोणत्या देशातून किती कपडे आणायचे याला कोटे ठरले. परिणाम भलताच झाला. कोरियाचा कोटा भरला की कोरियन कंपन्या कोटा मोकळा असलेला देश शोधू लागल्या. असा शोधलेला एक देश म्हणजे बांगलादेश. देवू कंपनीने 'देश गारमेंट्स'शी करार केला आणि १९७९ मध्ये एकशेतीस बांगलादेशी माणसं शिलाई शिकायला कोरियात पुसानला गेली. त्यांतल्या कित्येकांनी परतल्यावर स्वतःचे कारखाने काढले.

मार्क्स अँड स्पेन्सर मात्र बराच काळ हटून बसली होती. तिचा बहुतेक माल ब्रिटनमध्येच शिवला जाई आणि त्याचा तिला अभिमान होता. १९९० च्या दशकात बाकीची दुकानं बाहेरचा स्वस्त माल विकू लागली, तेव्हा तो अभिमान परवडेना. १९९९ मध्ये तिने विल्यम बेअर्ड या तीस वर्षांच्या पुरवठादाराला आता माल नको म्हणून कळवलं. बेअर्ड कोर्टात गेली. तीस वर्षांचा संबंध होता, पण लेखी करार नव्हता. २००१ मध्ये ती अपिलातही हरली. २००५ पासून कोटेही गेले, आणि उरलंसुरलं पुढे सरकलं.

बांगलादेशात नवख्या शिलाई कामगाराची किमान मजुरी १९९४ मध्ये महिन्याला ९३० टका होती. ती बारा वर्षं तशीच राहिली! २००६ मध्ये १६६२, २०१० मध्ये ३०००, २०१३ मध्ये ५३००, २०१८ मध्ये ८००० आणि २०२३ च्या डिसेंबरपासून १२५००. प्रत्येक वाढीच्या मागे संप, लाठ्या आणि बरेचदा मृत्यू आहेत. २०२३ मध्ये मागणी होती २३००० ची. २०१३ च्या वाढीमागे तर राणा प्लाझा आहे. त्या वर्षी २४ एप्रिलला ढाक्याजवळ सावर इथली ही आठ मजली इमारत कोसळून ११३४ माणसं मेली. आदल्याच दिवशी भिंतींना मोठे तडे गेलेले सगळ्यांनी पाहिले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं दुसऱ्या दिवशी बंद ठेवली. वरच्या शिलाई कारखान्यातल्या मुलींना कामावर बोलावलं. त्या इमारतीत ब्रिटनच्या 'प्रायमार्क'सह कित्येक परदेशी दुकानांचे कपडे शिवले जात होते.

हे वाचताना मला सारखी १९३५ ची आठवण येत होती. त्या वर्षी गांधीजींनी चरखा संघापुढे अगदी उलटा प्रश्न ठेवला. खादी स्वस्त कशी होईल ते नंतर बघू, कातणाऱ्या बाईचं पोट भरेल एवढी मजुरी आधी ठरवा आणि त्यावरून खादीची किंमत लावा. आठ तासांच्या कामाला आठ आणे हा त्यांचा आकडा. तो प्रत्यक्षात गाठता आला नाही, पण मजुरी वाढली. खादी महागली, आणि गिऱ्हाइकांनी कुरकुर केली.

शिवणारी नेहमी लांबच असते असंही नाही बरं का. २०२० च्या जुलैमध्ये 'संडे टाइम्स'ने उघडकीला आणलं की भाचीच्या लेस्टर गावातच, 'बूहू' या इंटरनेटवरून कपडे विकणाऱ्या कंपनीसाठी माल शिवणाऱ्या एका कारखान्यात तासाला साडेतीन पौंड दिले जातात. कायद्याने प्रौढाला तेव्हा ८.७२ पौंड द्यायला हवे होते. कंपनीनेच नेमलेल्या वकील अ‍ॅलिसन लेव्हिट यांनी सप्टेंबरमध्ये अहवाल दिला की वाईट परिस्थिती आणि कमी पगाराचे आरोप बऱ्याच अंशी खरे आहेत. १९०९ च्या कायद्याला तेव्हा एकशे अकरा वर्षं झाली होती.

विकणारीकडे परत येऊ. ब्रिटनमध्ये सगळ्या धंद्यांना लागू होणारं किमान वेतन १९९९ च्या एप्रिलमध्ये आलं, तासाला ३.६० पौंड. २०२५ च्या एप्रिलमध्ये ते १२.२१ झालं. त्याच महिन्यात मालकांनी भरायचा सामाजिक विम्याचा हप्ताही वाढला. त्यामुळे दुकानदारांचा रोख अर्थातच माणसं कमी करण्याकडे आहे. जपानच्या 'युनिक्लो'मध्ये कपडे एका खोलगट जागेत टाकले की चिठ्ठीत लपवलेल्या चिपवरून यंत्र आपोआप बेरीज करतं. पैसे भरायचे, घडी आपणच घालायची, पिशवीत आपणच भरायचं. स्ट्यूअर्ट आणि बुसिको यांच्या कागदी चिठ्ठीने मुरलेला विक्रेता घालवला, आणि ही चिपवाली चिठ्ठी गल्ल्यावरच्या मुलीला घालवते आहे.

आता तो नेक्स्टचा खटला. दुकानात उभ्या राहणाऱ्यांत तीन चतुर्थांशांहून जास्त बायका. गोदामात पुरुषांचं प्रमाण जास्त, आणि तिथला तासाचा दर दुकानातल्यापेक्षा वरचा. बायकांचं म्हणणं होतं की दोन्ही कामांचं मोल सारखंच आहे. कंपनीचं म्हणणं, बाजारात गोदामातली माणसं महाग मिळतात, दुकानातली स्वस्त मिळतात, आम्ही काय करणार? न्यायाधिकरणाने मान्य केलं की कंपनीने बायका म्हणून मुद्दाम कमी दिलं नाही, तिचा हेतू खर्च वाचवून नफा वाढवायचा होता. पण तेवढं कारण पुरेसं नाही, असं सांगून निकाल बायकांच्या बाजूने दिला. कंपनीने अपील करणार असं लगेच जाहीर केलं. बाजारात एखादं काम स्वस्त का मिळतं, हा प्रश्न बाँडफील्ड बाईंच्या वेळी कोर्टात विचारता येत नव्हता. आता निदान विचारला गेला.

या सगळ्या वाचनात दोन आकडे शेजारी शेजारी आले. जानेवारी २०२५ मध्ये नेक्स्टने सांगितलं की पुढच्या वर्षी पगाराचा खर्च ६ कोटी ७० लाख पौंडांनी वाढणार आहे. बाकीच्या काटकसरीबरोबर तो भरून काढायला कपड्यांच्या किमती साधारण एक टक्क्याने वाढवाव्या लागतील. आणि २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ऑक्सफॅम संस्थेने हिशेब करून घेतला होता, की तिथे विकल्या जाणाऱ्या कपड्याच्या किमतीतले सरासरी चारच टक्के शिवणाऱ्यांच्या मजुरीचे असतात, आणि त्यांना पोटापुरती नीट मजुरी द्यायची ठरवली तर दुकानातली किंमत सरासरी एक टक्क्याने वाढेल. शिवणारीसाठी एक टक्का, विकणारीसाठी एक टक्का. म्हणजे हजार रुपयांचा शर्ट हजार-वीसला.